‘कसे’च्या आधी ‘काय’

घर बांधायला निघालेला सामान्य गृहस्थही वास्तुविशारदाकडे गेल्यावर विटांचा भाव आधी विचारत नाही. घरात माणसे किती, वृद्ध आईवडिलांची खोली कोठे असावी, देवघर कोणत्या बाजूस असावे, मुलाचे लग्न झाल्यावर वरचा मजला चढवता येईल का, याची चर्चा आधी होते. त्या चर्चेतून नकाशा तयार होतो आणि मगच पाया खणला जातो. ही व्यवहारबुद्धी घराघरांत आहे. मात्र हाच गृहस्थ एखाद्या बँकेचा संचालक, रुग्णालयाचा विश्वस्त किंवा शासकीय खात्याचा अधिकारी म्हणून खुर्चीत बसला की त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘कोणती संगणकप्रणाली घ्यायची आणि ती किती दिवसांत सुरू होईल?’ आपली संस्था नेमके कोणते काम करते, ते कोणासाठी करते आणि त्यासाठी तिच्या अंगी कोणत्या क्षमता असायला हव्यात, हे प्रश्न चर्चेला येतच नाहीत. कोणी काढलेच तर ‘ते सर्वांना ठाऊक आहे’ असे म्हणून विषय संपवला जातो. जे सर्वांना ठाऊक आहे असे गृहीत धरले जाते, ते बहुधा कोणीच लिहून ठेवलेले नसते. संकट तेथेच सुरू होते.

हे संकट किती महागात पडते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने जगापुढे ठेवले आहे. त्या राज्याच्या आरोग्य विभागात सुमारे ७८ हजार कर्मचारी होते. त्यांच्या वेतनासाठी मार्च २०१० मध्ये नवी संगणकप्रणाली सुरू करण्यात आली. पहिल्याच पगारापासून गोंधळ उडाला. परिचारिका, डॉक्टर, सफाई कामगार यांपैकी कोणाला कमी वेतन मिळाले, कोणाला जास्त मिळाले, तर काहींच्या हाती काहीच पडले नाही. रात्रपाळी करून घरी परतलेल्या परिचारिकेला घरभाड्याची विवंचना पडावी, अशी स्थिती निर्माण झाली. पुढे झालेल्या तपासणीत कारण उघड झाले. वेगवेगळे वेतनकरार, दोनशेहून अधिक भत्ते आणि त्यांचे नियम यांच्या मिश्रणातून वेतन ठरविण्याचे चोवीस हजारांहून अधिक प्रकार तयार झाले होते. या गुंत्याचा पूर्ण उलगडा करण्याआधीच प्रणाली उभारण्यात आली. पुढे दर पंधरवड्याचे वेतन मार्गी लावण्यासाठी हजाराहून अधिक माणसे हाताने दुरुस्त्या करीत बसली. एकूण भुर्दंड सुमारे १२० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात जाईल, असा अंदाज निघाला. २०१३ साली चौकशी आयोगाने आपल्या अहवालात या प्रकरणावर अत्यंत कठोर ताशेरे ओढले. कामाची व्याप्ती आणि गरजा नीट निश्चित न करता घाई केली गेली, हा त्यातील एक प्रमुख ठपका होता. यंत्र बिघडले म्हणून हे घडले नाही. आपले काम काय आहे, हे यंत्राला सांगण्याआधी माणसांनी ते आपापसांत ठरवलेच नव्हते.

अशी वेळ येऊ नये म्हणून जगभरात जी विद्याशाखा आकाराला आली, तिला ‘बिझनेस आर्किटेक्चर’ म्हणतात. मराठीत तिला ‘व्यवसायरचना’ म्हणता येईल. तिचा इतिहास फार जुना नाही. आयबीएममध्ये काम करणारे जॉन झॅकमन यांनी १९८७ साली माहितीप्रणालींच्या रचनेची एक चौकट मांडली आणि इमारतीच्या नकाशाशी तिची तुलना केली. १९९५ साली ‘ओपन ग्रुप’ या संस्थेने ‘टोगॅफ’ ही पद्धती प्रसिद्ध केली. संगणकतज्ज्ञांनी आरंभिलेल्या या विचारात एक उणीव मात्र राहिली होती. यंत्रांचा नकाशा तयार होत होता, पण ज्या व्यवसायासाठी यंत्रे आणायची त्याच्या नकाशाकडे पुरेसे लक्ष नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१० साली अमेरिकेत ‘बिझनेस आर्किटेक्चर गिल्ड’ची स्थापना झाली. या संस्थेने ‘बिझबॉक’ हा मार्गदर्शक ग्रंथ सिद्ध केला आणि परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था उभी केली. व्यवसाय-विश्लेषकांची आंतरराष्ट्रीय संस्था २००३ साली कॅनडात स्थापन झाली होती. तिच्या ‘बॅबॉक’ या ग्रंथाच्या २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीतही व्यवसायरचनेच्या दृष्टिकोनाला स्वतंत्र स्थान मिळाले.

या विद्येचा गाभा चार प्रश्नांत सांगता येतो. संस्था काय करू शकते, हा पहिला प्रश्न. त्याच्या उत्तरास ‘क्षमता’ म्हणतात. ज्याच्यासाठी संस्था चालते त्याच्या पदरात लाभ कोणत्या टप्प्यांनी पडतो, हा दुसरा. त्यास ‘मूल्यप्रवाह’ म्हणतात. संस्थेच्या व्यवहारातील शब्दांचा नेमका अर्थ काय, हा तिसरा प्रश्न माहितीचा. कोणता विभाग कोणते काम अंगावर घेतो, हा चौथा प्रश्न संघटनाचा. पहिल्या प्रश्नात एक मेख आहे. क्षमता सांगताना ‘काय’ एवढेच सांगायचे असते, ‘कसे’ सांगायचे नसते. ‘कर्जाची पात्रता तपासणे’ ही क्षमता झाली. ती तपासणी कारकून वहीत करतो की संगणक करतो, हा ‘कसे’चा भाग. ‘कसे’ दर पाच वर्षांनी बदलते. ‘काय’ मात्र पिढ्यानपिढ्या टिकते. म्हणूनच ‘काय’चा नकाशा हाती असला की बदलाच्या वादळातही संस्थेला दिशा सापडते.

हा विचार केवळ परदेशी कंपन्यांसाठी आहे, असे समजण्याचे कारण नाही. गेल्या दशकात ज्या कुटुंबाने पासपोर्ट काढला आहे, त्याने तो प्रत्यक्ष अनुभवला आहे. एके काळी पासपोर्ट कार्यालय म्हटले की पहाटेपासूनची रांग आणि फाटकाबाहेरचे दलाल डोळ्यांसमोर येत. परराष्ट्र मंत्रालयाने ‘पासपोर्ट सेवा प्रकल्प’ हाती घेतला, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसला भागीदार केले, २०१० मध्ये प्रायोगिक केंद्रे सुरू केली आणि २०१२ च्या मध्यापर्यंत देशभर ७७ केंद्रे उभी राहिली. या केंद्रांत नागरिक क्रमाने ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ अशा तीन खिडक्यांवर जातो. पहिल्या खिडकीवर खासगी भागीदाराचा कर्मचारी छायाचित्र, बोटांचे ठसे आणि कागदपत्रे घेतो. दुसऱ्या खिडकीवर शासकीय अधिकारी कागदपत्रांची पडताळणी करतो. पासपोर्ट द्यावा की नाही, याचा निर्णय तिसऱ्या खिडकीवर शासकीय अधिकारीच घेतो.

या तीन खिडक्यांमागे एक मूलभूत निर्णय आहे. कोणती कामे दुसऱ्याकडे सोपवता येतात आणि कोणते काम राज्यसत्तेने कदापि हातचे सोडू नये, हे आधी ठरले आणि नंतर संगणक आला. अर्जदाराच्या बाजूने संपूर्ण प्रवास पाहिल्यामुळेच आणखी एक गोष्ट ठळकपणे समोर येते. पोलीस पडताळणी हा टप्पा राज्यांच्या पोलिसांच्या हाती आहे. केंद्रातील काम तासाभरात आटोपले, तरी हा टप्पा रेंगाळला तर नागरिकाच्या दृष्टीने पासपोर्ट उशिराच मिळाला. आपल्या खात्यापुरते पाहणाऱ्या अधिकाऱ्याला हा विलंब दिसत नाही. मूल्यप्रवाह पाहायला शिकलेल्या अधिकाऱ्याला तो पहिल्याच दिवशी दिसतो. २०१८ साली केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ‘इंडईए’ ही चौकट प्रसिद्ध केली आणि शासकीय खात्यांच्या संगणकीकरणात व्यवसायरचनेचा विचार अधिकृतपणे आणला. चौकट कागदावर आली आहे. ती वापरणारी माणसे घडविणे हे पुढचे काम आहे.

महाराष्ट्रात तर या कामाची निकड घरातलीच आहे. नागरी सहकारी बँका, पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने, शिक्षणसंस्था, रक्तपेढ्या यांचे जाळे या राज्याने उभे केले आणि ते चालविण्यासाठी असंख्य कार्यकर्त्यांनी आयुष्य वेचले. एखाद्या सहकारी बँकेत ‘ग्राहक म्हणजे कोण?’ हा प्रश्न विचारून पाहावा. ठेव विभागाच्या लेखी ग्राहक म्हणजे खातेदार, कर्ज विभागाच्या लेखी कर्जदार, वसुली विभागाच्या लेखी जामीनदारही आणि भाग विभागाच्या लेखी सभासद. ठेवीदार सभासद असेलच असे नाही. कर्जदाराला मात्र कर्जाच्या प्रमाणात भाग घ्यावे लागू शकतात. एकच माणूस चार वह्यांत चार नावांनी नांदत असतो. कोठे आडनाव आधी, कोठे नाव आधी, कोठे पत्ता जुना. वहीच्या काळात हा घोळ जुन्या हिशेबनिसाच्या स्मरणशक्तीने सांभाळला, कारण तो त्या माणसाला ओळखत होता. संगणक कोणालाच ओळखत नाही. शब्दांचा अर्थ आधी न ठरवता त्याला हे चार माणूस दिले, तर तो चौघांनाही जन्मभर वेगळेच धरून चालेल. एका कर्जाला जामीन राहिलेला माणूस दुसऱ्या शाखेतून स्वतःच कर्ज उचलेल आणि बँकेला एकूण जोखीम किती आहे हे वेळेवर कळणारही नाही. सभासदाच्या ठेवीची सुरक्षितता अशा एका शब्दाच्या व्याख्येवर अवलंबून असते, हे संचालक मंडळांनी लक्षात घ्यायला हवे.

शब्द निश्चित केल्यावाचून राज्य चालत नाही, ही जाण या भूमीला नवी नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात कारभारातील सुमारे चौदाशे शब्द दहा वर्गांत मांडलेले आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्ग, आरमार, साहुकार, वतने अशा राज्याच्या एकेका अंगाचा स्वतंत्र विचार आहे. याचा अर्थ आजची व्यवसायरचना सतराव्या शतकातच आपल्याकडे होती, असा मुळीच नाही. तसे म्हणणे हा आत्मगौरवाचा सोपा मार्ग ठरेल आणि त्यातून हाती काही लागणार नाही. घ्यायचा तो बोध एवढाच, की कारभाराला हात घालण्याआधी कारभाराची अंगे वेगळी करून पाहणे आणि त्यांची भाषा ठरविणे, हे राज्यकर्त्याचे पहिले कर्तव्य मानले गेले. सहकारी बँकेच्या अध्यक्षाला किंवा महापालिकेच्या अधिकाऱ्याला हे कर्तव्य टाळता येणार नाही.

या विषयाची दुसरी बाजू मध्यमवर्गीय घरांशी थेट निगडित आहे. भारतातील माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात पन्नास लाखांहून अधिक लोक काम करतात. हिंजवडी, खराडी, ऐरोली येथे रोज सकाळी उतरणाऱ्या तरुणांमध्ये ‘बिझनेस अॅनालिस्ट’ या पदावरील मुलामुलींची संख्या मोठी आहे. त्यांच्या कामाचे स्वरूप बहुतांशी असे राहिले आहे, की परदेशातील ग्राहकाने काय हवे ते ठरवायचे, त्याने सांगितलेले येथे नीट लिहून काढायचे आणि प्रोग्रामरच्या हाती द्यायचे. ‘काय’ आणि ‘का’ यांचा निर्णय लंडन-न्यूयॉर्कमध्ये, ‘कसे’ची मेहनत पुण्या-बंगळुरूमध्ये, अशी ही वाटणी होती. या वाटणीने लाखो घरांत सुबत्ता आणली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि चित्र पालटू लागले. बैठकीचे टिपण काढणे, गरजांचा मसुदा लिहिणे, चाचणीची यादी तयार करणे, इतकेच काय तर प्रोग्राम लिहिणे, ही कामे यंत्र काही क्षणांत करून देते. सांगितलेले लिहून घेणे एवढेच ज्याचे कौशल्य, त्याच्या पायाखालची जमीन सरकू लागली आहे.

पण यंत्राला अजूनही कोणीतरी नेमके सांगावे लागते. दोन विभागप्रमुख एकाच शब्दाचे दोन अर्थ करीत आहेत, हे बैठकीतील अवघडलेल्या शांततेवरून ओळखणारा माणूसच लागतो. जेथे क्षमता कच्ची आहे तेथे पैसा घालावा, चकचकीत दिसते तेथे नव्हे, हे व्यवस्थापकाला पटवून देणारा माणूसच लागतो. योगायोगाने संधीही चालून आली आहे. परदेशी कंपन्यांनी भारतात काढलेल्या स्वतःच्या जागतिक केंद्रांची संख्या १७०० च्या वर गेली असून पुणे आणि मुंबई ही त्यांची महत्त्वाची ठाणी आहेत. या केंद्रांत बसणारा विश्लेषक हा कंत्राटदाराचा माणूस नसून त्या कंपनीचाच माणूस असतो. त्याने ‘काय’ आणि ‘का’ विचारण्याची मुभा तेथे आहे. मुभा असून विचारण्याची विद्या नसेल, तर दोष कोणाचा?

ही विद्या देण्याचा दावा करणारे प्रशिक्षणवर्ग आता सर्वत्र भरतात. दोन-चार दिवसांचा वर्ग, सुबक चित्रफलक, शेवटी बहुपर्यायी परीक्षा आणि नावापुढे लावायला दोन-तीन अक्षरे, असा साधारण क्रम असतो. प्रमाणपत्र निरुपयोगी आहे, असे म्हणता येणार नाही. त्यामुळे जगभरच्या व्यावसायिकांची परिभाषा एक होते आणि नोकरीच्या बाजारात दार उघडते. परंतु पोहण्याच्या पुस्तकावर परीक्षा दिलेल्या माणसाला कोणी नदीत ढकलत नाही. संस्थेच्या कारभाराबाबत मात्र हे सर्रास घडते. वर्गातून आलेला तरुण क्षमतांचे भले मोठे चित्र काढतो, ते भिंतीवर लागते, पाहुण्यांना दाखवले जाते आणि वर्षभरात धूळ खात पडते. दोष त्या तरुणाचा नसतो. ज्या व्यवस्थापकाने त्या चित्राच्या आधारे निर्णय घ्यायचे, तो त्या वर्गाला गेलेलाच नसतो.

येथेच प्रशिक्षणाची दिशा बदलण्याची गरज आहे. विश्लेषक आणि व्यवस्थापक यांना एकाच वर्गात, एकाच बाकावर बसवले पाहिजे. वर्गातील उदाहरण काल्पनिक कंपनीचे नको. प्रशिक्षणार्थींच्या स्वतःच्या संस्थेचे हवे. पहिला पाठ वर्गाबाहेर व्हावा. बँकेच्या माणसांनी एक दिवस काउंटरच्या पलीकडे, रांगेत उभे राहून काढावा. रुग्णालयाच्या माणसांनी केसपेपर काढण्यापासून औषध हाती पडेपर्यंत एखाद्या रुग्णाच्या मागे चालावे. कारकून, परिचारिका, शिपाई, वसुली अधिकारी यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलावे. मराठी माध्यमात शिकलेल्या, जिल्ह्याच्या गावाहून आलेल्या मुलाला इंग्रजी सादरीकरणाची धास्ती वाटत असेल. पण पतसंस्थेतील कारकुनाला बोलते करण्याची हातोटी त्याच्यापाशी असते आणि या विद्येत तिचे मोल मोठे आहे.

दुसरा पाठ शब्दांचा असावा. संस्थेतील पन्नास महत्त्वाचे शब्द काढावेत आणि प्रत्येकाची एकच व्याख्या सर्व विभागांच्या संमतीने लिहून काढावी. हे काम ऐकायला किरकोळ वाटते. प्रत्यक्षात त्यावर होणारे वाद पाहिले की संस्थेचे खरे दुखणे कोठे आहे ते कळते. तिसरा पाठ निर्णयाचा. क्षमतांची यादी समोर ठेवून कोणती क्षमता भक्कम, कोणती कच्ची, कोणती नाहीच, हे प्रामाणिकपणे नोंदवावे आणि पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकातील प्रत्येक खर्च कोणत्या क्षमतेसाठी आहे ते त्याच्यापुढे लिहावे. ज्या खर्चापुढे काहीच लिहिता येत नाही, तो कशासाठी चालला आहे, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो. अनेकांच्या गैरसोयीचा प्रश्न आहे तो. प्रशिक्षणाची खरी कसोटी हीच, की असा प्रश्न नम्रपणे, पण न डगमगता वरिष्ठांपुढे मांडण्याचे बळ त्यातून मिळाले की नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. नकाशे काढण्यातच वेळ गेला तर काम कधी करायचे? दहा माणसांच्या पतसंस्थेने जाडजूड ग्रंथ कशाला उघडावा? उत्तर सोपे आहे. लहान घराचा नकाशा लहानच असतो, पण तो नसतो असे नाही. छोट्या संस्थेचा क्षमतांचा नकाशा एका पानावर मावेल आणि दोन संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून तो काढता येईल. शिवाय नकाशा म्हणजे माणूस नव्हे, याचेही भान हवे. चौकोनात बसवलेल्या प्रत्येक कामामागे कोणीतरी वर्षानुवर्षे खपलेले असते. ‘ही क्षमता बाहेर द्या’ असे लिहिताना कोणाचा तरी संसार त्या ओळीखाली येतो. तंत्र शिकवताना ही संवेदना शिकवली नाही, तर तयार होतील ते केवळ कुशल कापाकापी करणारे.

वाणिज्य, अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांनी हा विषय शेवटच्या वर्षात आणावा आणि विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी परिसरातील एखादी पतसंस्था, ग्रंथालय किंवा रुग्णालय द्यावे. संस्थेला नकाशा मिळेल, विद्यार्थ्याला अनुभव. सहकारी आणि सेवाभावी संस्थांच्या विश्वस्तांनी नव्या प्रणालीच्या करारावर सही करण्याआधी एकच अट घालावी: आपले काम काय, आपले शब्द कोणते आणि आपल्याकडे येणाऱ्याचा प्रवास कसा, ही तीन पाने आधी टेबलावर यावीत. घरातील तरुण मुलगा किंवा मुलगी आणखी एका प्रमाणपत्रासाठी पैसे भरायला निघाली असेल, तर आईवडिलांनीही एवढेच विचारावे, ‘हे शिकून तू काय नवे विचारायला शिकशील?’

यंत्रे येतील, जुनी होतील, बदलतील. आज ज्या प्रणालीचे उद्घाटन थाटात होते, ती दहा वर्षांनी अडगळीत जाईल. संस्था टिकते ती आपले काम ओळखणाऱ्या माणसांमुळे. क्वीन्सलँडच्या परिचारिकेला तिचा पगार वेळेवर मिळाला असता, जर कोणीतरी आधी शांतपणे बसून ‘आपण नेमके काय करतो?’ असे विचारले असते. तो प्रश्न विचारण्याची आणि त्याच्या उत्तरासाठी घाम गाळण्याची सवय आपल्या विश्लेषकांना व व्यवस्थापकांना लागावी. पाया खणण्याआधी नकाशा काढणाऱ्या समाजाला ही सवय लावून घेणे अवघड जाऊ नये.